पत्रा कुठं कुठं फाटला, त्याची वही

६ नोव्हेंबर

ही वही मी हौसेनं लिहीत नाही. जहीरचाचांनी लिहायला लावली आहे. नाहीतर गाडीला हात लावणार नाही म्हणाले.

जहीरचाचा म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरात, बाळापूर नाक्याजवळ गाड्यांचं डेंटिंग करणारे. चाळीस वर्षं पत्रा ठोकून त्यांचा एक कान गेला आहे आणि दुसरा त्यांच्या सोयीनं चालतो. माझी जीप त्यांच्याकडे यंदा चौथ्यांदा गेली. आधी पुढच्या काचेच्या चौकटीखाली चीर गेली. तिथं त्यांनी वेल्डिंग मारलं, तर दाराच्या कोपऱ्यात गेली. तिथं मी हट्टानं जाड पट्टी ठोकून घेतली, तर मागच्या चाकाच्या वर. काल चिखलदऱ्याला एका जोडप्याला लग्नाआधीच्या फोटोंसाठी नेलं होतं. फोटोवाला म्हणाला, बॉनेटवर उभे राहा आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघा. ते बघत असताना खालून टर्रकन आवाज आला. मुलीला वाटलं, होणाऱ्या नवऱ्याची पँट फाटली. नवऱ्यालाही तेच वाटलं, त्यानं उरलेले सगळे फोटो बसूनच काढले. फाटला होता माझा पत्रा, पुन्हा दाराच्या कोपऱ्यात, पट्टीच्या शेजारी.

चाचांनी नव्या चिरेच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या पेन्सिलीनं रेघ मारली, शेजारी तारीख घातली आणि म्हणाले, "रोज लिहून ठेव. गाडी कुठी गेलती, कितीक लोकं चढले, काय काय झालं. चीर कोन्त्या दिवशी वाढते ते समजलं पायजे. पूरं लिहायचं. डाक्टरपाशी लपवते काय कोनी?"

दर गुरुवारी वही दाखवायची. शुक्रवारी गॅरेज बंद असतं.

पूरं लिहायचं तर धंदाही लिहितो. मी नवरदेव वाहतो. पूर्वी वरातीत नवरदेव घोडीवर बसायचा, आता पोरांना उघडी जीप पाहिजे, मोठ्या टायरांची, फोर बाय फोर. फोर बाय फोर कशासाठी ते त्यांनाही माहीत नाही, कारण वरात तासाला अर्धा किलोमीटर चालते आणि तीही डांबरी रस्त्यावर. पण अकोल्यात श्रावण घोडीवाला अजून आहे आणि त्याची घोडी उंच आहे. नवरदेव घोडीपेक्षा खाली दिसला की नवऱ्याकडच्यांचं तोंड वाकडं होतं. म्हणून मी जीप उंच करून घेतली. टायर मोठे, स्प्रिंगा जाड, आणि चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, आणि बॉडी यांच्यामध्ये जे जुने रबर होते ते काढून लोखंडी गट्टू बसवले. हे शेवटचं काम चाचांना न सांगता दुसरीकडून केलं. आता माझा नवरदेव श्रावणच्या नवरदेवापेक्षा चार बोटं वर असतो. मी मोजलं आहे. श्रावण टेप लावू देत नव्हता, म्हणून घोडीशेजारी उभा राहून स्वतःच्या कानापर्यंत खूण धरली.

८ नोव्हेंबर

सीझनची फुलं ठरवायला राजेश्वर मंदिराजवळ प्रतीक्षाच्या दुकानी गेलो. तिचे वडील भगवंतराव बाळापूर रोडच्या आत मळ्यात झेंडू आणि शेवंती लावतात, ती विकते आणि वरातीच्या गाड्या सजवते. माझी जीप तीन वर्षं तीच सजवते. बाईचा हात चांगला आहे, जीभ नाही.

म्हणाली, "पुन्हा फाटली?"

मी म्हणालो, "फाटली नाही. चीर गेली."

"तुमची जीप हाय का जुनं धोतर?"

मग तिनं एक शेवंतीची वेणी उचलली आणि दाराच्या चिरेवर अशी लावली की चीर गडप. म्हणाली, नवरीकडच्याइले दिसनार नाही. याचं काय द्यायचं विचारलं तर म्हणाली, "वेणीचं कोनी काही देत असते काय?" सणाची सूट असावी.

नंतर हार गुंफता गुंफता म्हणाली, "दुसऱ्याचे नवरदेव वायता वायता तुमाले कधी काही वाटत नाही काय?"

मी नीट विचार करून उत्तर दिलं. वाटतं. क्लच जातो. वरातीत सगळा वेळ अर्धा क्लच दाबून चालवावं लागतं, वर्षाला एक प्लेट ठरलेली. तिनं गाठ एवढी ओढली की दोरा तुटला. हल्ली दोरा निकृष्ट येतो.

चीर तेवढीच आहे.

१० नोव्हेंबर

गाडी उभी. चीर तेवढीच.

१२ नोव्हेंबर

गाडी उभी. आईनं विचारलं, रोज काय लिहितोस. गाडीचं, म्हटलं. तिनं कपाळाला हात लावला.

१४ नोव्हेंबर

पहिल्यांदा वही दाखवली. चाचा म्हणाले, ठेवून जा, दोन घंट्यानं ये. मला वाटलं, सहा-सात पानांना दोन तास कशाला? मग कळलं. चाचा उर्दू शाळेचे, मराठी अक्षर त्यांना सावकाश लागतं. म्हणून घरात जहाँआराचाची मोठ्यानं वाचतात आणि चाचा जेवता जेवता ऐकतात. म्हणजे वही दोघांनीही वाचली. बरं झालं, हिच्यात गाडीशिवाय काही नाही.

परत घ्यायला गेलो तर चाची माझ्याकडे बघून हसल्या. चाचा फक्त म्हणाले, "लिहीत राह्य."

१५ नोव्हेंबर

कौंडण्यपूरची जत्रा. भगवंतरावांची फुलं न्यायची होती. बत्तीस क्रेट झेंडू, चार शेवंती. माल मोजून द्यायला प्रतीक्षा सोबत आली. जीपला पुढं दोनच सीट आहेत, त्यामुळे ती शेजारी बसली.

पहाटे निघालो. मूर्तिजापूरला चहा घेतला, तिनं माझ्या चहात साखर कमी आहे हे मी न सांगता ओळखलं आणि दुसरी मागवली. अमरावतीत शिरलो तेव्हा म्हणाली, "इथूनच नेलं म्हनते रुक्मिणीले. अंबादेवीच्या देवळातून." मी म्हणालो, या रस्त्यावर गतिरोधकांना पट्टे मारलेले नाहीत, जपून जावं लागतं.

माल उतरवून नदीच्या घाटावर बसलो. गर्दी चिक्कार. ती म्हणाली, "रुक्मिणीच्या भावानं दुसराच नवरदेव ठरवला होता. वरात दारात आली, तरी ते रडत नाही बसली. सोताच चिठ्ठी लिवली किस्नाले, का बा, येऊन घेऊन जा. आता सांगा, पोरीनं याच्याहून साफ काय सांगावं?"

मी म्हणालो, "त्याचा रथ लाकडी होता. पत्राच नाही, तर चीर कशाची जाते?"

प्रतीक्षा बराच वेळ वर्धा नदीकडे बघत राहिली. दमली असावी. परत येताना बडनेरा लागलं. मग बाहेर बघत म्हणाली, "मले पायले येऊन राहिले. चोवीस तारखेले. अमरावतीचा हाय, प्रीतम नावाचा. टाइल्सचं दुकान हाय."

"अमरावतीत कुठं?"

"बायपासवर."

"जागा चांगली हाय," मी म्हणालो. "पार्किंग असन."

अकोला आलं. उतरताना तिनं दार असं आपटलं की आरसा फिरून माझं मलाच तोंड दिसायला लागलं. घरी येऊन पाहिलं तर चीर एक बोट वाढली आहे. चाचांनी पूरं लिहायला सांगितलं आहे म्हणून लिहितो: माल हलका होता, रस्ता बरा होता. दार आपटणं हे कारण असू शकतं.

१८ नोव्हेंबर

सीझनची पहिली वरात, अकोल्यातच. प्रतीक्षा सकाळीच येऊन गाडी सजवून गेली. वेणी लावली, पण माझ्याशी बोलली नाही, वेणीशीच काहीतरी पुटपुटत होती.

जीपवर नवरदेव धरून अकरा जण. डीजेचा ठोका पडला की दाराची चीर उघडायची आणि ठोका संपला की मिटायची, आणि वरची शेवंती मान हलवायची. चौकात समोरून श्रावणची वरात आली. दोन्ही नवरदेव समोरासमोर. आमचा चार बोटं वर. श्रावणनं माझ्याकडे पाहिलं, मी हॉर्न वाजवला, घोडी मागं सरकली. आयुष्यात असे क्षण कमी येतात.

पुढं मंडपाची कमान आली. मी गाडीच्या उंचीचा हिशेब केला होता, फेट्याचा नाही. गाडी आत गेली आणि फेटा कमानीला लटकत राहिला. नवरदेव बोडक्या डोक्यानं हात जोडत उतरला. नवरीच्या भावानं शिडी आणून फेटा काढला आणि शिडीवरूनच मला दोन शब्द ऐकवले.

हे सगळं प्रतीक्षाला सांगायला दुकानी गेलो. ती हसली. फार हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "चोवीस तारखेले मी काय सांगू त्याइले?"

मी म्हणालो, "खरं सांगायचं. माणसानं नेहमी खरं सांगावं."

"आन तुमी?"

"मी तर लिहूनच ठेवतो," मी म्हणालो. चीर अर्धं बोट वाढली.

२० नोव्हेंबर

वरात, मूर्तिजापूर. नऊ माणसं. चीर पाव बोट वाढली. जेवण बरं होतं.

२१ नोव्हेंबर

आज चाचांनी निदान सांगितलं. मला बाकड्यावर बसवलं आणि रिकामी पोह्याची प्लेट दोन्ही हातांनी धरून पिळून दाखवली.

"खड्ड्यात गेली का चेसिस अशी वळते. वळनारच, ते तिचं कामच हाय. मधात रबर असलं का पत्र्याले त्याचा पत्ताच लागत नाही. तू रबर काढून लोखंड ठोकलं. आता चेसिस वळली का पत्र्यालेही वळा लागते, आन त्याले तर वळता येत नाही. मंग तो काय करीन? फाटीन. इथी पट्टी मारली का तिथी फाटीन. दोष चिरेचा नाही, तुह्या गट्ट्याचा हाय."

मी म्हणालो, रबर घातलं तर गाडी चार बोटं खाली येईल. मग श्रावण?

"श्रावणशी लगन करतं काय?" चाचा म्हणाले.

तेवढ्यात चाची चहा घेऊन आल्या. "बेटा, गाडी का छोड. हे प्रतीक्षा कोन?"

फुलवाली, म्हटलं.

"ते तर समजलं. कशी हाय?"

मला वाटलं, यांच्या घरी काही कार्य असेल आणि फुलं पाहिजे असतील. मी म्हणालो, हात साफ आहे, माल ताजा असतो, राजेश्वर मंदिराजवळ बसते, माझं नाव सांगा म्हणजे भाव नीट लावेल. चाचींनी ओढणीचा पदर तोंडात कोंबला आणि आत गेल्या. आतून बराच वेळ आवाज येत होता. खोकला असावा, हवा बदलली आहे.

२३ नोव्हेंबर

दुकानावरून जाताना पाहिलं तर चाची प्रतीक्षाशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. दोघी बोलत होत्या. मला बघून गप्प झाल्या. फुलं काही घेतलेली दिसली नाहीत. भाव पटला नसेल.

२४ नोव्हेंबर

आज प्रतीक्षाला बघायला पाहुणे. माझा काही संबंध नाही.

स्प्रिंगांची चाचणी घ्यायची म्हणून बाळापूर रोडवर गाडी काढली. चार चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला भगवंतरावांच्या वाटेच्या तोंडाशी पांढरी गाडी वळताना दिसली. खालून जमिनीला घासेल इतकी बुटकी. मळ्यात अशी गाडी आणणाऱ्या माणसाला अक्कल कितपत असेल? समोर बसलेला प्रीतमच असणार. गॉगल. पायात पांढरे बूट असावेत, दिसले नाहीत, पण तो माणूस पांढऱ्या बुटाचाच होता. टाइल्सचं दुकान म्हणजे काय, फरशी विकणं. फरशी माणूस एकदा घेतो, तिच्यावर तीस वर्षं चालतो आणि दुकानदाराचं नावही विसरतो. अशा माणसाला वेणी समजेल काय? चिरेवर कुठून कशी लावायची, हे त्याच्या डोक्यात तरी येईल काय? आणि चहात साखर कमी असली तर तिला कोण सांगणार? म्हणजे तिनं त्याला कशी सांगायची? हे वाक्य नीट झालं नाही.

छातीत जळजळ होते आहे. नाक्यावरची भजी.

चीर पाहायची राहिली.

२६ नोव्हेंबर

वरात. फुलं ऑटोतून आली, ती आलीच नाही. वेणी नव्हती. नवरीच्या आत्यानं सगळ्यांदेखत चिरेत बोट घालून विचारलं, "फाटकी गाडी आनली काय?" प्रतीक्षाच्या दुकानाची सेवा पूर्वीसारखी राहिली नाही, याची तक्रार करायला दुकानी गेलो. तिथं तिचा चुलतभाऊ बसला होता. त्याच्याकडे तक्रार करावीशी वाटली नाही. तसाच परत आलो आणि जेवलो नाही.

२८ नोव्हेंबर

सकाळी फोन आला. अमरावतीची पार्टी. पंधरा डिसेंबरला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा आहे, मुलाला जीपवरून आणायचं आहे, तुमची जीप घोडीपेक्षा उंच आहे असं ऐकलं. नाव विचारलं. प्रीतम. मुलगी अकोल्याची, फुलंवाल्यांची. पाच तारखेला संध्याकाळी सुपारी फोडायला येतो आहोत, म्हणजे पक्कंच समजा.

मी हो म्हणालो. धंदा म्हणजे धंदा.

म्हणजे मीच त्याला चार बोटं वर बसवून तिच्या दारात नेणार. सीझनची सर्वांत मोठी बुकिंग. आनंदाची गोष्ट आहे, आणि मला रस्त्याच्या कडेला गाडी लावून अर्धा तास नुसतं स्टिअरिंग धरून बसावंसं वाटलं. बसलो. कशाचं एवढं वाईट वाटतंय ते कळलं नाही, पण वाटलं खरं, खूप वाटलं.

मग चाचांकडे गेलो. गाडी आणि वही दोन्ही ठेवली. म्हणालो, पंधरापर्यंत पाहिजे ते करा. चाची आतून म्हणाल्या, "पंधरापर्यंत?" आणि चाचांकडे बघितलं. वही त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी परत केली, तेव्हा हे शेवटचं लिहिलं.

२ डिसेंबर

चाचांनी बॉडी उतरवली आहे. वर साखळीला बॉडी टांगलेली, खाली नुसती चेसिस, चाकं, इंजिन आणि स्टिअरिंग. रबर कधी येतील विचारलं. म्हणाले, इंदूरहून येऊन राहिले. कधी निघाले विचारलं. म्हणाले, सोचून राहिले.

३ डिसेंबर

गाडी नाही. लिहायला काही नाही.

४ डिसेंबर

काही नाही.

५ डिसेंबर

आजचं सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

गुरुवार म्हणून वही घेऊन दुपारी गॅरेजला गेलो. या वेळी चाचींनी आत नेली नाही. माझ्यासमोरच ओट्यावर बसून चष्मा लावून चाळली. मग चाचा म्हणाले, "कुंदन, एक महिना झाला. मले या वहीत गाडीचं काहीच भेटलं नाही."

मी म्हणालो, असं कसं? रोज लिहिलं आहे.

"रोज लिवलं," चाची म्हणाल्या. "दहा तारखेले एक ओळ. बाराले तीन. वीसले वरात होती, नऊ माणसं चढली, चीर वाढली, तरी एकच ओळ. आन पंधराले तीन पानं. चोवीसले त दोन पानं, आन त्या दिवशी त गाडीनं काहीच नाही केलं. आता तूच पाह्य, कोन्त्या दिवशी कोनाचं नाव हाय."

मी वही घेतली आणि मोजलं. पुन्हा मोजलं. पहिला दिवस सोडला, तर जिथं ती नाही तिथं वही रिकामी आहे. मी छत्तीस वर्षांचा आहे आणि हे मला डेंटरच्या बायकोकडून कळलं.

"मी काय करू?" मी विचारलं.

"सुपारी किती वाजता हाय?"

पाच वाजता. आणि तेव्हा चार वाजले होते. मळा बाळापूर रोडपासून आत, तिकडं ऑटो जात नाहीत. चाचांची स्कूटर त्यांचा जावई घेऊन गेला होता. मी टांगलेल्या बॉडीकडे पाहिलं.

"चेसिसले चाकं हायत, इंजन हाय, ब्रेक हाय," चाची म्हणाल्या. "अजून काय पायजे, आरसा?"

चाचांनी प्लास्टिकची खुर्ची आणून तारेनं चेसिसला बांधली. पाच मिनिटांत मी बाळापूर रोडवर होतो, वर आभाळ, खाली रस्ता, मध्ये खुर्ची. लोक रस्ता सोडून उभे राहत होते. नाक्यावर श्रावण घोडीवर बसून चालला होता. त्यानं वरून खाली पाहिलं.

"कुंदनभाऊ, एवढ्या खाली?"

"घाई हाय," मी म्हणालो. खरं तर तेव्हा उंचीचं माझ्या डोक्यातही नव्हतं.

मळ्याच्या वाटेला वळलो तर सगळी वाट पाण्यात. काळी माती, चाकाला चिकटली की सोडत नाही. मी पहिल्यांदाच फोर बाय फोर लावला. बॉडीचं वजन नसल्यानं चेसिस डुलत डुलत पार झाली.

भगवंतराव नवी टोपी घालून अंगणात येरझाऱ्या घालत होते. "पाट कोनं फोडला माहीत नाही! पावने कसे येतीन?" प्रतीक्षा भिंतीशी उभी होती. नवी साडी, आणि पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. शेजारी फावडं. बिचारी पाणी अडवायला गेली असावी.

माझ्याकडे आणि खुर्चीकडे बघत म्हणाली, "हे काय?"

मी वही पुढं केली. "वाच."

"हे तं गाडीचं हाय ना?"

"मलेही तसंच वाटत होतं."

ती उलट्या क्रेटवर बसून वाचायला लागली. भगवंतरावांनी विचारलं, काय आहे? गाडीचे कागद, मी म्हणालो. एका ठिकाणी ती हसली. एका ठिकाणी म्हणाली, "दार आपटलं, हे कारण?" मग पानं उलटत राहिली, आणि मान खाली असल्यामुळे मला तिचं तोंड दिसेना.  मी ठरवून गेलेलं सगळं विसरलो आणि जे आलं ते बोललो.

"प्रतीक्षा, तू अमरावतीले जाऊ नोको. तू नसली का मले लिवाले काहीच राहत नाही. मले उशिरा समजलं, पन समजलं."

तिनं वर पाहिलं. काहीतरी बोलणार, तेवढ्यात वाटेवरून हॉर्न आला. मग दुसरा, लांबलचक. पांढरी गाडी वाटेच्या मधोमध, चाकं अर्धी मातीत.

भगवंतराव धावले. "कुंदन, बाप्पा, तुह्या या सांगाड्यानं वढता येईन काय?"

आता पाहुणे म्हणजे पाहुणे. मी चेसिस फिरवली. दोर कुठं बांधायचा ते दाखवते म्हणून प्रतीक्षा माझ्या खुर्चीची पाठ धरून मागं उभी राहिली. वही तिनं कमरेला खोचली होती. दोर बांधला तोही तिनंच, पुढच्या बंपरला. हुकाला बांध म्हणत होतो, ऐकलं नाही.

गाडीची काच खाली झाली. आत प्रीतम, गॉगल लावून. पांढरेच बूट होते. शेजारी त्याची आई.

"आमी बुक केलेली जीप हेच काय?" त्या म्हणाल्या. "हिचं अंग कुठी गेलं? आन हा ड्रायवर कोन?"

मागून खुर्चीची पाठ घट्ट आवळली गेली.

"ड्रायवर नाही, मावशी," प्रतीक्षा म्हणाली. "हे कुंदन. मी यायच्याशी लगन करून राहिली. तुमाले आधीच सांगा लागत होतं, पन यायलेच आत्ता समजलं."

माझा क्लचवरचा पाय सुटला. चेसिसनं उडी घेतली, मागं काड्कन आवाज झाला, आणि पाहुण्यांचा बंपर दोरासकट आमच्या मागं निघाला. गाडी जागच्या जागी होती. भगवंतराव चिखलात उभे राहून पाहुण्यांना म्हणत होते, "उतरा, उतरा, आता आले तं चहा तरी घ्या."

मी ब्रेक मारला आणि मागं वळून पाहिलं. तिचं तोंड माझ्या तोंडाशी होतं, चिखलाचा एक शिंतोडा गालावर, आणि ती हसत होती.

"थांबले काहून?" ती म्हणाली.

मग मी थांबलो नाही.